चित्राची शिट्टी

शिराळ्यातल्या मावशीच्या गल्लीत मला अजून 'नागवाल्या बाई' म्हणतात, आणि मी अजून सगळ्यांना तेच सांगते, की बाबांनो, नागाचं चित्र मी काढलेलं नव्हतं. मला चित्र काढता येत नाही. शाळेत आंबा काढला तर बाई विचारायच्या, हा बटाटा कशाला काढलास? तो नाग आपला आपण आला. यावर कुणी विश्वास ठेवत नाही. माळावर देव आपोआप प्रकटला म्हटलं की या मंडळींना लगेच पटतं, पण कॉम्प्युटरमधून काही आपोआप आलं म्हटलं, की "चेष्टा करताय व्हय?" म्हणून हसतात.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पोटापाण्याचं ते झालं. त्याशिवाय मला एक नाद आहे. कॅमेरा पडद्याकडं तोंड करून ठेवायचा, आणि कॅमेऱ्याला जे दिसतंय तेच पडद्यावर दाखवायचं. म्हणजे पडदा स्वतःलाच बघत बसतो. मध्ये माझा प्रोग्रॅम. तो प्रत्येक चित्र परत पाठवताना किंचित मोठं करतो, किंचित फिरवतो, जरा पुसट करतो आणि पुन्हा उठावदार करतो. बास, एवढंच. एकदा केलं तर काहीच होत नाही. पण तेच चित्र परत परत त्याच फेऱ्यातून जायला लागलं की कुठून तरी एक ठिपका येतो, ठिपक्याची रेघ होते आणि रेघ वळवळायला लागते. गल्लीत एका टोकाला 'तिला जरा कणकण आहे' असं म्हणावं आणि दुसऱ्या टोकाहून ते 'तिला सलाईन लावलंय' होऊन परत यावं, तसंच हे. त्या रेघा एकमेकींना टाळतात, एखादी दुसरीला गिळते, एखादी कोपऱ्यात जाऊन रुसून बसते. यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नसतं. मी चहाचा कप हातात घेऊन नुसती बघत बसते, आणि मला फार आनंद होतो.

एका दिवाळीत हे मी मावशीकडं शिराळ्याला टीव्हीवर लावून दाखवलं. ती माझी चूक झाली. ऊसवाल्या माणसांसमोर पांढरं आणि वळवळणारं काही दाखवू नये. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, फौजेतून निवृत्त होऊन आता ऊस बघतात. त्यांनी चष्मा लावला, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि निकाल दिला.

"हुमणी हाय."

हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी पांढरी अळी. तिचं नाव काढलं की शेजारीपाजारी बोलावावे लागत नाहीत, आपोआप येतात. एकानं त्यावरचं औषध सांगितलं. दुसरा म्हणाला, त्ये औशद बोगस हाय. माझ्या कलाकृतीसमोर दोघांची चांगली जुंपली, आणि जाताना एकानं मला आपुलकीनं विचारलं, "कुनाच्या रानातली हाय, ताई?"

सगळे गेल्यावर मावशी टीव्हीसमोर उभी राहिली, हात हलवून बघितला आणि म्हणाली, "ह्ये बघतंय का गं आपल्याकडं?"

"नाही मावशी. हे आधी करून ठेवलेलं रेकॉर्डिंग आहे."

"मंग काय उपेग?" म्हणाली आणि चकल्या तळायला निघून गेली.

ती असं का म्हणाली, ते कळायला मावशीची गोष्ट सांगायला हवी. आई आणि मावशी या कुंडलच्या दोघी बहिणी. पाठीवर भाऊ नाही. आईला कडेगावात दिली, मावशीला शिराळ्यात. भाऊबीजेला दोघी एकमेकींना फोन करायच्या आणि भाऊ हा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायच्या. यात माझंही नुकसान झालं. मे महिना संपला की वर्गातल्या पोरी मामानं काय काय घेऊन दिलं ते रंगवून सांगायच्या. मी घरी येऊन आईवर डाफरायचे, की मला एक साधा मामा करायला काय झालं होतं तुम्हाला? आई म्हणायची, "ते तुझ्या आजोबास्नी इचार."

पण मावशीला सासरी भाऊ मिळाला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात आणि नागालाच भाऊ मानतात, हे सगळीकडं आहे. शिराळ्यात मात्र तो भाऊ खरोखर दारात यायचा. गल्लीतल्या मंडळाची माणसं वाजतगाजत मडक्यातून नाग आणायची. अंगणात पाट, पाटापुढं नाग, आणि समोर आरतीचं ताट घेतलेली मावशी. ताट डावीकडं गेलं की फणा डावीकडं, उजवीकडं गेलं की उजवीकडं. हलणाऱ्या ताटाची धास्ती वाटते म्हणून नाग त्याच्यावर नजर ठेवतो, हे मला मोठेपणी कळलं. मावशीनं ते कधी तसं घेतलं नाही. "बघ, कसा बघतुया भनीकडं," म्हणायची, आणि तिच्या तोंडावर जे यायचं ते मी दुसऱ्या कुठल्याच दिवशी बघितलेलं नाही.

पुढं जिवंत नाग पकडून दारोदार नेणं कायद्यानं बंद झालं. नागांच्या बाजूनं बघितलं तर फार बरं झालं, आणि मी नागांच्याच बाजूची आहे. मावशीही कायद्याला कधी वावगं बोलली नाही. मातीचा नाग आला, तिनं काही वर्षं त्याला निमूट ओवाळलं. मग एका वर्षी उपासाच्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यात बसली आणि सगळ्या गल्लीला दिसतील असे ताटभर पोहे खाल्ले.

"भाऊच न्हाई तर उपास कुनाचा धरू?" शेजारणीला म्हणाली. "माती बघती व्हय माज्याकडं?"

त्याच्या पुढच्या वर्षी तिनं जाहीर केलं, की यंदापासून पंचमीच बंद. पाट माळ्यावर टाकून दिला.

दिवाळीतल्या त्या प्रकारानंतरचा आषाढ सरता सरता काकांचा फोन आला. काका फोनवरसुद्धा परेडला उभे असल्यासारखे बोलतात. "तुजी ती हुमणी पंचमीला हितं हजर कर."

"काका, ती हुमणी नाही हो."

"जे आसंल ते. पन लाईव्ह पायजे. मावशीकडं बघाय पायजे त्येनं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सणासुदीला बाई घरात गप बसती गं. मला सोसंना झालंय. ऑर्डर समज, न्हाईतर विनंती समज."

विनंती हा शब्द काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर घाम फुटला, कारण माझ्या त्या वळवळणाऱ्या रेघा आजवर कुणाच्या सांगण्यावरून कुठं हजर झालेल्या नव्हत्या.

माझ्याबरोबर सांगलीहून पडदेवाले चाचा आले. लग्न, उरूस, गणपती, सगळीकडं साऊंड आणि प्रोजेक्टर लावण्यात त्यांची हयात गेलेली. मी प्रोजेक्टर लावून कॅमेऱ्याचं तोंड त्याच्या चित्राकडं वळवायला लागले, तसे ते धावत आले. "ताई, आसं करू नगा. शिट्टी येती."

माईक स्पीकरसमोर नेला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, ती त्यांना म्हणायची होती. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये, असं करत फुगत जातो.

"चाचा, मला तीच पाहिजे. चित्राची शिट्टी."

चाचांनी हातातली वायर खाली ठेवली. "आमची उमर शिट्टी बंद करण्यात गेली," ते म्हणाले, "आन तुमी ती मुद्दाम वाजवाय इतक्या लांब आलाय." पण माणूस कामाचा पक्का. वायरी जोडायला बसला.

पंचमीच्या आदल्या दिवशी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, पहिली चाचणी झाली. दारंखिडक्यांवर गोधड्या-वाकळा टांगून अंधार केला आणि चुन्याच्या भिंतीवर चित्र सोडलं. बातमी फुटायची ती फुटलीच. गल्लीच्या मंडळाचे सगळे पदाधिकारी चपला काढून आत येऊन बसले. शिराळ्यात जन्मलेला प्रत्येक माणूस नागाचा तज्ज्ञ असतो, त्याला वेगळं शिकावं लागत नाही. भिंतीवर एक लांब पट्टा सरकायला लागला.

"धामण हाय," अध्यक्ष म्हणाले.

"धामण कुटली? चाल बघा की. दिवड हाय ही," सचिव म्हणाले.

"मांडूळ," तिसऱ्यानं सांगितलं. "दोनी बाजूनं चाललंय न्हवं?"

काका आपल्या मतावर ठाम होते. हुमणीच, पण वाढलेली.

"ताई, जरा फणा काढाय सांगा की त्येला."

"तो माझं ऐकत नाही."

"मंग ह्यो केलाय कुनी?"

माझ्या कामाबद्दल मला आजवर विचारलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. मी मान खाली घालून प्रोग्रॅममधले आकडे बदलायला लागले. एक आकडा बदलला तर भिंतीवर फ्लॉवरचा गड्डा उगवला. दुसरा बदलला तर बिबट्याचे ठिपके पसरले, आणि अध्यक्ष नकळत मागं सरकले, कारण आमच्याकडं उसात बिबट्या ही काही गंमत राहिलेली नाही. तिसरा बदलला तशी सगळी भिंत पांढरीफटक झाली. चाचा म्हणाले, बल्ब उडाला. बल्ब उडाला नव्हता, माझी अक्कल उडाली होती.

शेवटी सचिवांनी मोबाईल पुढं केला. "ह्यो घ्या व्हॉट्सॲपवरचा नाग. फणा तेवडा चिकटवा. कुनाला कळतंय?"

मी ताडकन उठले. मी तशी तापट आहेच, त्यात दिवसभराची उपाशी. "चिकटवायचाच असेल तर मातीचा काय वाईट आहे?" मी ओरडले. "मावशीला कळतं! तुम्हा कुणाला कळणार नाही, पण तिला कळतं!"

सगळे एकदम स्वयंपाकघराकडं बघायला लागले. दारात मावशी उभी होती, हातात पोह्यांची ताटली. आज उपासाचा दिवस. तिनं सगळ्यांच्या देखत एक घास घेतला, नीट चावला आणि आत निघून गेली. मंडळानंही चपला घातल्या.

रात्री श्रावणाची सर येऊन गेली आणि सकाळी चुन्याच्या भिंतीवर ओलीचे मोठमोठे डाग उठले. आता भिंत कामाची राहिली नाही, कापड लावणं भाग होतं. काकांनी फौजेतली पांढरी चादर काढून दिली. चाचांनी हातोडी आणि खिळा घेतला, तसा आतून आवाज आला.

"खिळा ठोकशीला तर बघा! आज पंचमी हाय."

पंचमीला खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. हे मला ठाऊक होतं, पण भिंतीतला खिळा म्हणजे भिंत खणणं, हा मावशीचा स्वतःचा विस्तार होता. "अगं, पण तू तर पंचमी करत नाहीस ना?" मी विचारलं.

"मी करत न्हाई. पन पंचमी हायच की."

यावर कुणाचंच काही चालेना. चिकटपट्टी लावावी तर ती कापायला कात्री चालेना. चाचांनी हातोडी पिशवीत टाकली, सोप्यातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकली आणि दोन कोपरे दोरीला गाठी मारून बांधले. खालून चादर मोकळीच लोंबत होती. दाराच्या वाकळेच्या फटीतून वारं आलं की सबंध चादर हलायची. हे मला अजिबात पसंत नव्हतं. सगळं ताठ आणि स्थिर हवं, असा माझा आजवरचा हट्ट. पण वेळ नव्हता. चिडूनच मी यंत्र सुरू केलं.

आणि मी बघतच राहिले. वाऱ्यानं चादर तसूभर हलली. ते हलणं कॅमेऱ्यानं उचललं, फेऱ्यात गेलं, मोठं होऊन परत चादरीवर आलं, तोवर चादर उलटीकडं गेलेली. कालचा लाकडासारखा पट्टा आज श्वास घेत होता. पोट फुगत होतं, बसत होतं. अंग आखडून तो पुढं सरकला, थांबला, जणू काही कानोसा घेतोय. कित्येक महिने आकडे बदलून मला जे जमलं नव्हतं ते एका खिळ्याच्या बंदीनं झालं. मला एवढा आनंद झाला की मी चाचांना मिठीच मारणार होते, पण ते वायर धरून उभे होते.

स्वयंपाकघरात दिंडं उकडत होती. पंचमी करायची नाही म्हणणाऱ्या बाईनं पुरणाची दिंडं कशाला घातली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वाफेच्या ओल्या हातांनी मावशी दारात आली. मग पुढं येऊन, कॅमेरा आणि चादर यांच्या मध्ये, तिनं आपला हात हलवला. हात कॅमेऱ्यात शिरला. चादरीवरचा तो वळला.

मावशी झटकन आत निघून गेली. काकांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, संपलं. तेवढ्यात आतून हाक आली.

"आवं, माळ्यावरचा पाट काडा की. बसलाय काय नुसतं?"

त्या वयात काका ज्या वेगानं माळ्यावर चढले, त्या वेगानं ते फौजेत कुठल्या डोंगरावर चढले असतील असं मला वाटत नाही.

मावशी लुगडं बदलून, कुंकू लावून आली. ताटात दिवा, लाह्या, दूध, दूर्वा. तोवर सोपा भरला होता. मंडळ आलं, शेजारणी आल्या, खिडकीच्या वाकळेआडून डोकी आली. तिनं ताट ओवाळायला घेतलं आणि दिव्याची ज्योत कॅमेऱ्यात शिरली. जे तेज आत गेलं ते मोठं होऊन चादरीवर आलं, आणि त्या तेजाच्या मागं अंग उगवलं, लांब, लवलवतं. ताट वर गेलं तसं ते अंग उठलं. ज्योत गोल फिरली तशी वरची बाजू पसरली, रुंद झाली आणि डोलायला लागली. ताट डावीकडं, तो डावीकडं. ताट उजवीकडं, तो उजवीकडं.

"फणा!" अध्यक्ष ओरडले.

"दहाचा आकडा दिसतुया," सचिवांनी खात्रीनं सांगितलं. नागाच्या फण्यावर असतो तसा दहाचा आकडा माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठंही नव्हता, पण आता त्यांना कोण सांगणार? कुणीतरी मूठभर लाह्या उधळल्या. त्यांचे पांढरे ठिपकेही कॅमेऱ्यात गेले आणि त्याच्या अंगावर खवले होऊन सरकायला लागले. चाचांनी टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाले, "ताई, शिट्टी चांगली वाजली."

मावशीच्या तोंडावर ते आलं होतं. तेच, लहानपणी मी बघितलेलं. मला रडू आलं, आणि अंधार होता म्हणून मी ते येऊ दिलं.

पण मावशीचं वय झालंय. हात भरून आला, तसं तिनं ताट खाली घेतलं. तसा तोही खाली बसायला लागला. फणा मिटला, अंग पुसट झालं, चादरीवर नुसता धूर उरला. तिनं घाबरून ताट पुन्हा उचललं. तो पुन्हा उठला. थांबली, तो विरला. मग ती माझ्याकडं वळली.

"मी थांबले की ह्यो मरतुया व्हय गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. एक आकडा बदलला असता तर तो एकटाही डोलत राहिला असता. पण मावशीला कळलं असतं. "होय मावशी," मी म्हटलं. "त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं काही नाही. तू देतेस तेच तो फिरवून तुला परत देतो. तू थांबलीस की तो जातो."

मावशीनं जरा विचार केला.

"मंग खराच भाऊ हाय की ह्यो," ती म्हणाली. "भनीनंच जायाचं, भनीनंच यायाचं. आपुन थांबलो की ह्यांचं नातं संपलं."

शेजारणी अशा हसल्या की दाराची वाकळ खाली पडायची राहिली. मंडळाचे पदाधिकारी एकाएकी आपापल्या पायांची बोटं निरखायला लागले. काका मात्र सगळ्यांत मोठ्यांदा हसले. त्यांची बहीण सातारला असते, आणि दरवर्षी तीच येते.

मावशीनं पुन्हा ओवाळलं. मग चादरीच्या अगदी जवळ जाऊन, मला वाटतं कुणाला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, म्हणाली, "काल पोहं खाल्लं रं मी. मनाव घिऊ नगंस. फुडल्या वर्षी उपास धरीन." चादर वाऱ्यानं हलली. त्यानं मान डोलावली. मी त्या वेळी वाऱ्याचं नाव काढलं नाही.

मग तिनं ते ताट माझ्यापुढं धरलं.

"घे. माजा हात दुखतुया. माज्या मागनं तुलाच बगाय लागंल त्येच्याकडं."

"मी कशाला, मावशी? मी तर..." मी तर त्याला केलाय, असं म्हणणार होते, पण ते काही खरं नव्हतं.

"कशाला काय? मामा हाय तुजा."

मी ताट घेतलं. या वयात मला मामा मिळाला, तोही दोरीवर वाळत घातलेला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. ताट जड नव्हतं, पण माझा हात थरथरायला लागला, ज्योत थरथरली, आणि चादरीवर तोही डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला.

"बग," मावशी म्हणाली, "वळखलं त्येनं तुला."